मन्मथअप्पांचा दुसरा फोटो

लहान लेकराचा फोटो मन्मथअप्पा दोनदा काढायचे. पहिला घरच्यांना हवा तसा. नवं झबलं, गालाला पावडर, मागं रंगवलेला धबधबा आणि सगळे दिवे लखलखीत. तो झाला की आई लेकराला उचलायला पुढं यायची. तेव्हा अप्पा हात आडवा धरायचे. "थांबा जरा, बाई. अजून एक हाय." मग स्टुडिओचं दार लोटून घ्यायचे, दिवे मालवायचे, लेकराला मिनिटभर अंधारात बसू द्यायचे आणि जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश टाकून दुसरा फोटो काढायचे. हा फोटो ते कुणाला देत नसत. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर तो मोठा करून, चष्मा कपाळावर चढवून, नाक टेकेल इतकं वाकून बघायचे. आधी एक डोळा, मग दुसरा. "बरं हाय," म्हणायचे आणि दिवे लावायचे.

भूमच्या बाजारपेठेत याला ‘अप्पाचं येड’ म्हणत. ते येड कुठून आलं हे सुरुवातीला फक्त मला ठाऊक होतं. अप्पा मागच्या वर्षी गेले. आता त्यांच्याबद्दल बोलायला हरकत नाही असं नाही, पण बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी होते. पदाचं नाव भारदस्त आहे. काम म्हणजे चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांना समजावून गाडीत बसवायचं आणि शाळांमधून पोरं तपासत हिंडायचं. गावात मला ‘डोळ्याच्या मॅडम’ म्हणत. अप्पांचा स्टुडिओ दवाखान्याच्या रस्त्यावरच होता, त्यामुळं जाता-येता रामराम व्हायचा.

मन्मथ हे नाव आमच्याकडच्या लिंगायत घरांत भरपूर सापडतं, त्यात नवल काही नाही. पण अप्पांकडं बघून ते उच्चारताना हसू यायचं. नाव मदनाचं आणि माणूस बुटका, टकला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चष्म्याच्या काचा माझ्याच दवाखान्यातल्या सगळ्यात जाड. मी त्यांना म्हणायचे, "अप्पा, तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही लोकांचे फोटो काढता." ते म्हणायचे, "मला दिसत न्हाय म्हणूनच लोक सुंदर दिसतेत, मॅडम."

ते मूळचे जळकोटकडचे. लग्न करून भूमला सासुरवाडीत आले आणि इथलेच झाले. कानडी मात्र सुटली नव्हती. लहान लेकरू फोटोला बसलं की रडायचं, किंवा मान खाली घालायचं. मग अप्पा एकदम जाड आवाजात म्हणायचे, "इल्ली नोडू!" इकडं बघ. भूमच्या लेकराला कानडी कुठून कळणार? हे काय नवीन, म्हणून ते डोळे मोठे करून वर बघायचं, आणि तेवढ्यात अप्पांचा फोटो झालेला असायचा.

स्टुडिओत एक काळा कोट होता. तालुक्यातले किती नवरदेव, किती नोकरीचे उमेदवार त्या कोटात घुसून गेले असतील, देव जाणे. आरशाजवळ सुतळीला बांधलेला कंगवा होता. पण अप्पांची खरी ख्याती होती ती फोटो ‘साफ’ करण्याबद्दल. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून, नंतर कॉम्प्युटरवर. देवीचे व्रण घालवावेत ते अप्पांनी, तिरळा डोळा सरळ करावा तो अप्पांनी. दात पुढं असलेल्या मुलीचा दाखवायचा फोटो असा करून द्यायचे की लग्नानंतर सासूनं येऊन भांडावं. एक सासू खरंच आली होती. अप्पांनी तिला चहा पाजला आणि तिचाच एक फोटो काढून, दहा वर्षांनी लहान करून हातात ठेवला. ती भांडण विसरून फोटो कनवटीला लावून गेली. "हाय तसा फोटो कुणालाच नको असतोय, मॅडम," अप्पा म्हणायचे. "साफ करून दिला की माणूस खूश." हे सांगताना त्यांना स्वतःच्या हाताचा भारी अभिमान वाटायचा, आणि तो मला आवडायचा. आपलं काम झोकात करणारी माणसं तालुक्याच्या गावात फार भेटत नाहीत.

एका दुपारी मी दवाखान्यात एकटीच बसले असताना अप्पा आले. पायांत चप्पल नव्हती. दुकानातून उठले ते तसेच आले असावेत. त्यांनी टेबलावर एक फोटो ठेवला. दोनेक वर्षांचं गुटगुटीत पोर, डोक्याला कागदी टोपी, समोर केक. उजवा डोळा काळाभोर. डावा डोळा मात्र मध्यभागी पांढुरका चमकत होता, अंधारात मांजराचा चमकावा तसा.

"हे काय असतं, मॅडम?"

मी फोटो हातात घेतला आणि मला जरा उत्साहच आला, हे आज लाज वाटूनही सांगते. पुस्तकात वाचलेलं चिन्ह असं समोर क्वचित येतं. मी म्हणाले, "अप्पा, हे लेकरू कुणाचं? आजच्या आज पाठवा माझ्याकडं. डोळ्याच्या आत गाठ असली की फ्लॅशमध्ये असं पांढरं दिसतं. कॅन्सर असतो हा, लहान लेकरांतला."

"पाठवलं तर काय करतेत?"

"गाठ लहान असली तर औषधांवर, लेझरवर डोळाही वाचतो. मोठी असली तर ऑपरेशन करून डोळा काढतात. पण डोळ्याच्या आत आहे तोवर लेकरू वाचतं हो. नुसतं वाचत नाही, शाळेत जातं, मोठं होतं. मागच्या शिरेतून मेंदूकडं गेली की मग अवघड. म्हणून तर म्हणते, आजच पाठवा."

अप्पा खुर्चीवर बसले. "म्हणजे हे तवाच बघितलं असतं तर कळलं असतं."

"अर्थात. ढळढळीत दिसतंय की."

असं बोलून गेले मी. त्या ‘ढळढळीत’ शब्दाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग अप्पांनी सांगितलं. लेकराचं नाव शंभू. बाप अंकुश, शेजारच्याच गावचा शेतकरी, सरळ माणूस. दीड वर्षापूर्वी दुसऱ्या वाढदिवसाला अंकुशनं अप्पांना घरी फोटो काढायला बोलावलं होतं. फोटो कॉम्प्युटरवर घेतल्यावर अप्पांना डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका दिसला. फ्लॅशमुळं डोळे लाल येतात, ते तर ते रोज साफ करायचे. हा पांढरा आला, एवढंच. त्यांनी शेजारचा काळा डोळा उचलून या डोळ्यावर बसवला, कडा मऊ केल्या आणि मोठ्ठी फ्रेम करून दिली. घरच्यांना फोटो फार आवडला. अप्पांनाही आवडला. त्याची एक प्रत त्यांनी दुकानाच्या काचेत लावली होती.

आणि त्या दिवशी सकाळी अंकुश दुकानात आला होता. दाढी वाढलेली. म्हणाला, "अप्पा, शंभूचा त्योच फोटो अजून एक काढून द्या. आजोळी लावायचाय. हार घालायला."

अप्पांनी विचारलं, काय झालं. अंकुशनं सांगितलं. डोळा तिरपा झाला, मग लाल झाला, मग सुजून बाहेर आला. सोलापूर केलं, पुढं पुणं केलं. सुया झाल्या, केस गेले, ऑपरेशन झालं, पण गाठ आधीच आत गेली होती. "डॉक्टर म्हणले, वरीसभर आधी आणलं असतं तर डोळा गेला असता, पर लेकरू राहिलं असतं. आता आमाला काय ठावं, अप्पा? तवा तर काईच न्हवतं. तुमच्याच फोटोत बघा की. कसे चांगले डोळे हायत."

असं म्हणून त्यानं काचेतल्या फोटोकडं बोट दाखवलं होतं.

अप्पांनी त्याला आजोळसाठी प्रत काढून दिली. साफ केलेली. आणि तो गेल्यावर मूळ फोटो काढून घेऊन ते अनवाणी माझ्याकडं आले होते. "अप्पा, तुम्ही काही डॉक्टर नाही," एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, "व्हय." फोटो पाकिटात घातला आणि उन्हातून चालत गेले.

त्या दिवसापासून दुसरा फोटो सुरू झाला.

सुरुवातीला त्यांनी फक्त दुकानात येणाऱ्या लेकरांचा काढला. मग रविवारच्या आठवडी बाजाराला दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसू लागले. कडेवर लेकरू घेतलेली बाई दिसली की उठून आडवे जायचे. "बाई, लेकराचा एक फोटो काढू द्या, फुकट हाय." एवढ्या-तेवढ्याला नजर लागते म्हणून लेकराला काजळ-तीट लावून बाहेर काढणाऱ्या या बाया. अंधाऱ्या खोलीत नेऊन लेकराच्या डोळ्यांत लखकन उजेड टाकणारा म्हातारा त्यांना कसा परवडावा? त्यात अप्पा काजळही पुसायला लावायचे, नीट दिसत नाही म्हणून. एका बाईनं भर बाजारात त्यांचा उद्धार केला. "तुमी काय लेकरांचे डोळे मोजायला बसलाव व्हय? माज्या लेकराला काय झालं तर बघा!" अप्पा हात जोडून म्हणाले, "काय हू नये म्हणूनच, माय."

मला तर त्यांनी जेरीस आणलं. जरा काही वेगळं दिसलं की फोटो घेऊन हजर. बहुतेक वेळा काही नसायचं. फ्लॅश कोनात पडला की निरोगी डोळाही पांढरा दिसतो. मी चिडायचे, "अप्पा, माझ्या बाहेर रांग आहे." ते कोपऱ्यात उभे राहायचे. एकदा एका पोराच्या डोळ्यात खरंच जन्मजात मोतीबिंदू निघाला आणि वेळेत ऑपरेशन झालं. मला वाटलं, आता अप्पांना जरा बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "ही ती गाठ न्हवं?" मी नाही म्हणाले. "बरं," म्हणाले आणि परत रविवारी खुर्ची टाकून बसले.

शंभूच्या घरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "दोनदा गेलतो सांगायला. दोन्ही वेळा चहा पिऊन आलो. त्याची माय चहा घेऊन येती अन् भिंतीवर त्यो फोटो. कसं सांगू?"

अशी दोन वर्षं गेली, आणि एका बाजाराच्या दिवशी अप्पांच्या दुसऱ्या फोटोत श्रावणी सापडली.

पावणेदोन वर्षांची पोर, आजीच्या कडेवर बाजाराला आलेली. या वेळी फोटो बघून मीही रांगेतल्या माणसांना थांबायला सांगितलं. उजव्या डोळ्यात गाठ होती. सोलापूरला पाठवलं, तिथून पुण्याला. तपासण्या झाल्या. गाठ मोठी होती, पण डोळ्याच्या आतच होती. दुसरा डोळा स्वच्छ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा डोळा काढू, लवकर काढू, पोर वाचेल. तारीख दिली. आणि तारखेला ही माणसं गेलीच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. श्रावणी अंगणात शेळीच्या पिल्लामागं पळत होती. हेच मोठं संकट असतं. पोर हसतंय, खातंय, कुठं दुखत नाही. गाठ दिसत नाही, दिसतो तो गोंडस डोळा, आणि तो काढा म्हणणारे आम्ही. घरात शब्द चालायचा तो आजीचा. गयाबाई तिचं नाव. तिनं मला बसायला घोंगडी टाकली आणि सरळ सांगितलं, "मॅडम, पोरीची जात हाय. एक डोळा काढून आणली तर उद्या तिला कोण पदरात घेईल? देवीच्या मनात असंल तर असंच बरं हुईल." मी तासभर डोकं फोडलं. आई आत रडत होती, बाप जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. मी हात हलवत परत आले.

आल्यावर अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या म्या येतो तुमच्यासंगट."

वाटेत एसटीत मी त्यांना बजावलं. अप्पांच्या हातात एक पाकीट होतं आणि त्यात काय असणार याचा मला अंदाज होता. "अप्पा, अंकुशचं गाव इथून हाकेवर आहे. आज इथं बोललात तर आठ दिवसांत त्याच्या कानावर जाईल."

त्यांनी पाकीट मांडीवर सरळ केलं. म्हणाले, "मला भ्या वाटतंय, मॅडम. पर येतो."

गयाबाईपुढं त्यांनी दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले. तेच पोर, तीच टोपी, तोच केक.

"आजी, ह्यातला कंचा चांगला हाय?"

गयाबाईनं साफ केलेल्या फोटोवर बोट ठेवलं.

"त्यो म्या केलाय. मूळचा ह्यो दुसरा. ह्याच्या डोळ्यात पांढरं हाय, दिसतंय? तुमच्या श्रावणीच्या हाय ना, त्येच. म्या ते पुसलं. चांगलं दिसावं म्हणून. घरच्यांनी चांगला फोटो बघितला अन् निवांत राहिले." अप्पांनी मूळ फोटो पुढं सरकवला. "हे लेकरू गेलं, आजी. साडेतीन वर्साचं हून गेलं. डोळा बी गेला अन् लेकरू बी गेलं."

गयाबाईनं तो मूळ फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग विचारलं, "ह्याच्या मायला ठावं हाय का हे?"

"न्हाय."

"तिला सांगायचं सोडून आमाला कशाला सांगताय मग?"

"तिचं लेकरू आता यायचं न्हाय," अप्पा म्हणाले. "तुमचं अंगणात हाय."

गयाबाई उठून बाहेर गेली. आम्हाला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. तिनं शेळीजवळून श्रावणीला उचललं, पदरानं तिचं नाक पुसलं, आणि पोराला, म्हणजे श्रावणीच्या बापाला हाक मारली. "ऊठ रं. कवाची गाडी हाय बघ."

ऑपरेशन झाल्याचा फोन मला दुपारी आला. डोळा काढला, गाठ आतच होती, पोर शुद्धीवर आली आणि दूध मागतेय. मी दवाखाना तसाच टाकून अप्पांकडं धावत गेले. इतकी खूश मी माझ्या नोकरीत क्वचित झाले असेन. स्टुडिओच्या पायरीवर पाय ठेवला आणि आत अंकुश उभा दिसला.

त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली मोठी फ्रेम होती. फ्रेमच्या कोपऱ्यात हाराचा दोरा अडकून राहिला होता.

"अप्पा, खरं हाय का?"

"व्हय," अप्पा म्हणाले.

"तुमाला दिसलं व्हतं."

"दिसलं व्हतं. मला वाटलं, फ्लॅशचं हाय."

मला वाटलं, हा आता अप्पांवर हात टाकणार. टाकला असता तर अप्पांना बरंच वाटलं असतं. पण अंकुशनं टॉवेल सोडला आणि फ्रेम फोटोच्या स्टुलावर ठेवली. "हे तुमच्यापाशी ठेवा. आमाला आमच्या लेकराचा फोटो द्या."

"अंकुश, त्यात डोळा..."

"ठावं हाय. त्याचा डोळा तसाच व्हता. हाय तसा द्या."

अप्पा कॉम्प्युटरपुढं बसले. आधी सवयीनं साफ केलेलाच फोटो उघडला, तो बंद करून मग मूळचा काढला. प्रिंट निघेपर्यंत अंकुश उभाच राहिला. मी खुर्ची पुढं केली, ती त्याला दिसली नाही. फोटो हातात आल्यावर त्यानं तो बराच वेळ बघितला, मग टॉवेलात नीट गुंडाळला. फोटो काखेत धरून तो पायरी उतरला. पुन्हा त्या दुकानाची पायरी तो चढला नाही. मी आणलेली बातमी मी संध्याकाळी सांगितली. अप्पा म्हणाले, "बरं झालं," आणि तोंड धुवायला मागं गेले.

त्यानंतर अप्पांनी फोटो साफ करणं सोडलं. गिऱ्हाईक म्हणायचं, अप्पा, हा मस तेवढा काढा, हे केस तेवढे काळे करा. अप्पा मान हलवायचे. "हाय तसाच मिळंल." आधीच मोबाइलनं धंदा बसलेला, त्यात हे. लोक पलीकडच्या स्टुडिओत जाऊ लागले. काळा कोट खुंटीवर धूळ खात राहिला. परत आलेली फ्रेम त्यांनी पडद्याच्या बाजूला अशी टांगली की फोटोला बसलेल्याला ती दिसू नये, आणि कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या अप्पांना मात्र प्रत्येक वेळी दिसावी.

दुसऱ्या फोटोत पुढं आणखी एक लेकरू सापडलं, शेजारच्या वाशी तालुक्यातलं. ते वाचलं नाही. फोटोत दिसलं तेव्हाच उशीर झाला होता. अप्पा त्याच्या मातीला जाऊन आले आणि दोन रविवार खुर्ची टाकली नाही. तिसऱ्या रविवारी टाकली.

श्रावणी मात्र वाढली. तिला काही महिने सुया घ्याव्या लागल्या, केस गेले, परत आले. खऱ्या डोळ्यासारखा दिसणारा बनावट डोळा बसवला, तो पोर वाढेल तसा बदलावा लागतो. दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला गयाबाई स्वतः तिला घेऊन एसटीनं जायची, एक तारीख चुकवली नाही. शाळेत नाव घालायच्या वेळी फोटोसाठी ती नातीला अप्पांकडंच घेऊन आली. पोर बाजूला बघायची तेव्हा खरा डोळा वळायचा आणि बनावट समोरच राहायचा. फोटोतही ते दिसत होतं. गयाबाई ओशाळून म्हणाली, "अप्पा, एवढा एक डोळा सारखा करून द्या की. शाळंत हसतील." अप्पा म्हणाले, "न्हाय, आजी. तुमची नात हाय तशी लई चांगली हाय." आणि श्रावणीला पुढं घेऊन त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. त्या दिवशी बऱ्याच काळानं मी अप्पांना हसताना पाहिलं.

इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

अंकुशला शंभूच्या मागं एक मुलगी झाली होती. अशा घरातल्या पाठच्या लेकराचे डोळे लहानपणापासून तपासत राहावे लागतात. पुण्याच्या तारखा ते पाळत होते, पण मधे एकदा मी स्वतःच त्यांच्या घरी गेले. अंकुश रानात होता. पोरीचे डोळे ठीक होते. तिची आई, सुनीता, चहा ठेवायला लागली. भिंतीवर शंभूचा फोटो होता. कागदी टोपी, केक, आणि डाव्या डोळ्यात तो पांढरा ठिपका. ताज्या फुलांचा हार होता. मी बघतेय हे तिनं पाहिलं.

"मला दिसलं व्हतं, मॅडम," ती म्हणाली.

मी विचारलं, काय.

"त्याच्या डोळ्यातलं. चुलीपुढं मांडीवर घ्यायचे तवा चमकायचं. म्या ह्यांना म्हणले बी, दवाखान्यात दाखवू. जायचं ठरलं व्हतं. तेवढ्यात वाढदिवसाचा फोटो आला. म्या चार-चारदा जवळ जाऊन बघितला. दोन्ही डोळे सारखे. मग म्या म्हणले, आपल्यालाच भास व्हतोय. फोटो काय खोटं सांगतोय व्हय?" तिनं चहा गाळला. "म्हणून गेलो न्हाय."

कप माझ्या हातात दिल्यावर ती म्हणाली, "हे म्या कुणाला सांगितलं न्हाय. ह्यांना बी न्हाय. आठवत असंल त्यांना, पर आमी बोलत न्हाय त्यावर." तो चहा मी कसा संपवला हे मला आठवत नाही.

पुढच्याच महिन्यात मी निवृत्त झाले. पेन्शनच्या कागदांना फोटो हवा होता, म्हणून अप्पांकडं गेले. ते फार थकले होते. आता त्यांना चष्म्यातूनही धड दिसत नव्हतं, ते मीच तपासलं होतं. मी स्टुलावर बसले. अप्पांनी सवयीनं बाजूच्या फ्रेमकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं. "इल्ली नोडू," म्हणाले, आणि आम्ही दोघंही थोडं हसलो. फोटो झाला. मी उठायला लागले तर त्यांनी हात आडवा धरला.

"थांबा जरा. अजून एक हाय."

"अप्पा, मी काय लेकरू आहे?"

"बसा वो."

त्यांनी दार लोटलं, दिवे मालवले. अंधारात बसल्या-बसल्या मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"शंभूच्या घरला गेलता म्हणं तुमी. अंकुशची पोरगी बघाया."

"हो. पोरगी छान आहे. डोळे स्वच्छ आहेत."

"अन् शंभूची माय? काय म्हणली का?"

एकदा याच माणसाला मी ‘ढळढळीत दिसतंय’ म्हणून बसले होते. मी म्हणाले, "काही नाही म्हणाली. मला म्हणाली, आम्हाला त्या वेळी काही दिसलंच नव्हतं. कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं."

फ्लॅश पडला. अप्पा कॅमेऱ्यावर वाकले, चष्मा कपाळावर चढवून. माझा एक डोळा बघितला, मग दुसरा. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

"साफ करून सांगितलं तुमी," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी दिवे लावले, आणि मला माझा फोटो दिला. हाय तसा.